आनारकुलची लंगडी घार

किर्गिझस्तानातल्या आमच्या कोक-जाइक गावात ड्रोनला ड्रोन कुणी म्हणत नाही. घार म्हणतात. आणि आनारकुलच्या घारीला लंगडी घार, कारण तिचे चार पाय कधीच एका मापाचे नसतात.

आनारकुल माझी धाकटी जाऊ. ती लग्न होऊन आली तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही पोरगी चहा ओतताना बोलते फार." आमच्यात नव्या सुनेनं मान खाली घालून चहा द्यायचा असतो. ही मान वर करून द्यायची आणि वर पाहुण्यालाच विचारायची, "तुमच्या घोडीचा खूर भरला का? नाही? मग तेव्हाच का नाही आणलीत दाखवायला?" ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टर नारिन शहराहून येतो, तोही रस्ता उघडा असला तर. बाकीचे दिवस कोकराचा पाय मोडला, गाय अडली, मेंढीला सूज आली, की सगळे हिच्या दाराशी.

माझा दीर एसेन रशियात बांधकामावर असतो. एका उन्हाळ्यात तो आला तो हा कॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन, कुणाचा तरी वापरलेला. अंगणातून उडवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि डोंगरावरून वाऱ्याचा असा झोत आला की तो सरळ शाळेच्या पत्र्यावर जाऊन आदळला. एक हात लोंबायला लागला, कॅमेरा बाहेर लटकला. एसेननं सगळं एका पिशवीत भरलं. "मेला," म्हणाला. सुट्टी संपल्यावर तो परत गेला, पिशवी राहिली.

एकदा मी दवाखान्यात दूध द्यायला गेले, तर जनावरांच्या टेबलावर ड्रोन उताणा पडलेला आणि आनारकुल त्याच्यावर वाकलेली.

"एजे, हा मेलेला नाहीये," ती म्हणाली. एजे म्हणजे थोरली बहीण. ती मला तसंच म्हणते. "हाड मोडलंय नुसतं."

"अगं, त्याला कुठली हाडं?"

"मग हे काय आहे? बघ, कसं उघडं पडलंय."

कोकराच्या पायाला बांधतात तशीच तिनं त्या हाताला पट्टी बांधली. आत आधाराला मोडक्या छत्रीची काडी, वर जाळीदार पट्टीचे वेढे, त्यावर घट्ट चिकटणारा डिंक आणि डिंकावर चिमूटभर खायचा सोडा. सोडा पडताक्षणी डिंक चुरचुरला, वाफ आली आणि बघता बघता दगड झाला. पाय इंजेक्शनच्या रिकाम्या नळ्यांचे केले आणि तळाला त्याच नळ्यांतली रबरं लावली, म्हणजे उतरताना दणका कमी बसावा. कॅमेरा चार रबरी गोळ्यांवर टांगलेला असतो. त्यातल्या दोन हरवल्या होत्या. तिथं तिनं आधी औषधाच्या बाटल्यांची बुचं लावली. ती निघाली कडक. चित्र असं थरथरायचं की सगळं गाव थंडीनं कुडकुडतंय असं वाटावं. मग तिनं माझ्या नातवाची दूध प्यायची जुनी निपलं कापली. चित्र शांत झालं. नातू मात्र आठवडाभर रडत होता, कारण त्याला तीच जुनी हवी होती.

सगळंच काही जमलं नाही. मोडलेलं पंख्याचं पातं तिनं डिंकानं जोडून पाहिलं. घार वर गेली, घरघरली आणि मक्याच्या पोत्यासारखी खाली आली. दुसऱ्यांदा जोडलं, दुसऱ्यांदा तेच. तेव्हा ती म्हणाली, "पातं जोडायचं नाही. ते विकतच आणायचं." बिश्केकला जाणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडून ती पाती मागवायची आणि पिठाच्या डब्यात जपून ठेवायची. बाकी सगळं घरचं. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते म्हणून उडवायच्या आधी ती छातीशी, कोटाच्या आत धरून बसायची. बायका हसायच्या. "काय गं, तान्हं आहे का?" ती म्हणायची, "तुमच्या तान्ह्यांपेक्षा गुणाचं आहे. रडत नाही."

ती लग्नं टिपायला लागली, मेंढ्या डोंगरावर निघाल्या की ते टिपायला लागली, आणि मग कोक-बोरू. हा खेळ आमच्या पुरुषांचा जीव. दोन गावांचे घोडेस्वार, मध्ये बिनमुंडक्याचा बोकड, मैदानाच्या दोन्ही टोकांना मातीची उंच गोल कढई. बोकड धावत्या घोड्यावरून उचलायचा, मांडीखाली दाबायचा आणि दुसऱ्यांच्या कढईत टाकायचा. आमची अर्धी पोरं रशियात. ती तिकडे फोनवर हा खेळ बघायची, आणि आनारकुलच्या घारीमुळं त्यांना तो गरुडाच्या डोळ्यांनी दिसायचा.

आमच्या संघाचा कप्तान मुकाश. अंगानं घोड्याएवढा, आवाजानं दोन घोड्यांएवढा. त्याला हे आवडायचं नाही. मैदानाच्या कडेला बाई उभी, हातात यंत्र, आणि लोक त्याच्याऐवजी वर बघतायत.

"सूनबाई," गावची सून म्हणून तो ओरडायचा, "तुझ्या कोंबडीला दाणे टाक! दमली बिचारी!"

"टाकते, बाइके," ती दादाला म्हणावं तशी गोड आवाजात म्हणायची. "तुमच्या हातून मघाशी बोकड सुटला ना, तिथंच सांडलेत दाणे."

गेल्याच्या गेल्या वर्षी पानगळीत तेरेक-बुलाक गावाशी सामना होता. बक्षिसाला शिंगरू. वारा तुफान, मैदान कोरडं, धूळ इतकी की समोरच्याची टोपी दिसेना. शेवटपर्यंत दोघांचे गुण सारखे. शेवटी बोकड झापारच्या हाती लागला. झापार तेरेक-बुलाकचा, दोन मुलांचा बाप, शांत माणूस, पण घोड्यावर बसला की वीज. तो आमच्या कढईकडे सुटला, मुकाश त्याच्या अंगाला अंग लावून. धुळीत दोघंही गडप. आणि धुळीतून बाहेर आला तो एकटा मुकाश, मांडीखाली बोकड. उलटा वळला, मैदान कापत गेला आणि त्यांच्या कढईत बोकड टाकला. आमचं गाव वेडं झालं. तिकडे झापार जमिनीवर पडला होता, गळ्याजवळचं हाड मोडून.

तेरेक-बुलाकवाले धावत आले. "लगाम ओढला! झापारच्या घोड्याचा लगाम ओढला यानं!" दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम धरायचा नाही, हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

पंच होते ओमुर्झाक अक्साकाल, दोन्ही गावं ज्यांच्या पांढऱ्या दाढीला मान देतात ते. ते म्हणाले, "मला धूळ दिसली. धुळीच्या आतलं मी कसं सांगू?"

"तिनं पाहिलंय!" तेरेक-बुलाकचा एकजण वर बोट करून ओरडला. "ती घार वरच होती!"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. घार उतरायला लागली होती, बॅटरी संपत आली होती. मुकाशनं टाच मारली, घोडा पुढं घेतला, रिकिबीत उभा राहिला आणि चाबूक फिरवला. घार दगडांवर आपटली. एक पंखा मात्र गोल गोल फिरत राहिला, मग तोही थांबला.

"वाऱ्यानं पाडली," मुकाश म्हणाला. शिंगरू आमच्या गावात आलं.

आनारकुल मैदानात गेली, गुडघ्यांवर बसली आणि एक एक तुकडा डोक्याच्या रुमालात गोळा केला. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "एजे, एक हात मुळापासून गेलाय. बघ तुला तिकडे सापडतो का."

चित्रं साठवायची जी नखाएवढी चकती असते, तिची खाच आधीच्याच एका पडझडीत चेचली होती. तेव्हापासून चित्रं घारीच्या पोटात साठायची. ती बाहेर काढायची तर घार जागी व्हायला हवी. हे मुकाशला ठाऊक होतं, कारण आनारकुल गावाला आपल्या घारीची दुखणी मोठ्या आवाजात सांगत आली होती.

पहिले काही दिवस तिनं तुकड्यांना हात लावला नाही. मला वाटलं, विसरली. मग झापारची बायको एक लंगडणारी मेंढी घेऊन दवाखान्यात आली. नदीपल्याडून, पायी. आनारकुल खूर साफ करत होती आणि ती बाई उभ्या उभ्या बोलत होती.

"तेव्हा लगाम लगाम ओरडले, आता त्याच्याच संघातले म्हणतायत, पिऊन बसला होता म्हणून पडला. तो दारूला शिवत नाही गं. जेवत नाही आता. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. खांद्याचं काही नाही, तो जुळेल."

आनारकुलनं मेंढीचा पाय सोडला. "तू जा घरी," ती म्हणाली. "त्याला सांग, जेव म्हणावं. घारीनं खाल्लेलं मी बाहेर काढते."

त्या दिवसापासून दवाखान्यात तेच काम. पोटाचे दोन भाग झाले होते ते तिनं पट्टीनं आणि सोड्याच्या डिंकानं जुळवले. बॅटरी जिथं टेकते तिथल्या पितळेच्या जिभांपैकी एक तुटली होती. जुन्या टॉर्चमधली पट्टी कापून तिनं नवी जीभ बसवली. तारांची टोकं चुलीतल्या गोवऱ्यांवर तापवलेल्या सुईनं जोडली. पण गेलेला हात काही सापडेना. छत्रीची काडी आधाराला चालते, हात म्हणून चालत नाही. लाकूड लावलं तर जड. प्लॅस्टिक लावलं तर वाकतं.

मग एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात भयंकर वास सुटला. बघते तर चुलीवर माझी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायची कढई, आणि आत मेंढ्याचं शिंग उकळतंय.

"आनार! माझी कढई!"

"घासून देते, एजे. शिंग मऊ होतं उकळल्यावर. हवं तसं वाकवायचं."

शिंग मऊ झालं. तिनं ते चिरलं, दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलं, आणि गार झाल्यावर फुटक्या काचेनं तासत बसली, इतकं पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. कढईचा वास मात्र गेला नाही. त्या हिवाळ्यात आमच्या घरचे बोरसोक कुणी दुसऱ्यांदा मागितले नाहीत.

गावात बातमी फिरलीच. आमचे हे, म्हणजे एसेनचे थोरले भाऊ, जेवताना म्हणाले, "सूनबाई, हे काय चाललंय? आपल्याच गावाशी वैर घ्यायचं?"

"भाऊजी, मी फक्त मोडलेलं दुरुस्त करतेय. त्याला गावानं भ्यायचं कारण काय?"

हे ताटात बघत नान मोडत राहिले.

एसेनचा फोन आला. मी शेजारीच बसले होते, सगळं ऐकू येत होतं. "आनार, सोड ना. मुकाश मला मेसेजवर मेसेज टाकतोय. मला परत येऊन याच गावात राहायचंय."

"तू ये तर खरं," ती म्हणाली. "मी याच गावात राहतेच आहे."

आणि मग मुकाश स्वतः आला. दवाखान्याच्या दारात वाकून उभा, टोपी हातात, आवाज एकदम लोण्यासारखा. "सूनबाई, झालं ते झालं. मी बिश्केकहून नवी कोरी घार मागवतो. हे मढं कशाला जिवंत करतेस? फेकून दे."

"नवीच्या पोटात काय असेल, बाइके?"

"काय म्हणजे? काही नसेल."

"म्हणूनच नको."

त्याचा आवाज परत घोड्यावर चढला. "बाईच्या जातीनं मैदानातल्या गोष्टींत पडू नये! उद्या शिंगरू परत द्यावं लागलं तर गाव तुझं तोंड बघणार नाही!"

आनारकुल शिंग तासत होती. तिनं मान वर केली नाही. "शिंगरू परत द्यावं लागेल हे तुम्हीच म्हणालात. मी अजून काही पाहिलंही नाही."

तो गेला. जाताना दार इतक्या जोरात आपटलं की औषधांच्या बाटल्या किणकिणल्या. मी तिच्यासाठी भिंग धरून शेजारीच उभी होते. "भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"वाटते," ती म्हणाली. "तू भिंग नीट धर. हलवू नकोस."

घार जागी झाली त्या दिवशी तिनं ती कॉम्प्युटरला जोडली, एकटीनंच चित्र पाहिलं आणि ओमुर्झाक अक्साकालांकडे निरोप धाडला, शुक्रवारच्या नमाजानंतर दोन्ही गावांना क्लबच्या हॉलमध्ये बोलवा. मी म्हटलं, "चित्र तर मिळालं. मग अजून हातात काय घासत बसलीस?"

"चौथा पाय. ती हॉलपर्यंत उडत जाणार."

"कशाला? पिशवीत घालून ने ना!"

"पिशवीत मेलेलं नेतात, एजे."

शुक्रवारी मशिदीतून माणसं बाहेर पडत होती, तेरेक-बुलाकचे लोक घोडे बांधत होते, आणि आमच्या अंगणातून घरघर सुरू झाली. एक हात शिंगाचा, पिवळट, पोटावर पट्ट्या, पाय चार तऱ्हेचे. थोडी डावीकडे कलून, कण्हत कण्हत ती वर चढली. सगळा रस्ता मान वर करून उभा. आनारकुल रस्त्याच्या मधून चालत होती आणि घार तिच्या डोक्यावरून. मुकाशच्या फाटकासमोर तिनं ती जराशी थांबवली. अगदी जराशी. मग पुढं नेली. हॉलच्या पायऱ्यांवर ती उतरली, उतरली कसली, पडलीच, आणि एक पाय निखळून घरंगळत गेला. तेरेक-बुलाकच्या एका म्हाताऱ्यानं तो उचलून दोन्ही हातांनी तिला दिला.

हॉलमध्ये मोठा टीव्ही होता. चित्र सुरू झालं. आम्ही खालून जी धूळ पाहिली होती, ती वरून नुसती पातळ जाळी होती. जाळीच्या आत दोन घोडे. मुकाशचा डावा हात पुढं येतो, झापारच्या घोड्याचा लगाम पकडतो आणि हिसडा देतो. घोड्याची मान वळते. झापार हवेत. हे सगळं आवाजाशिवाय. मग बोकड, कढई, नाचणारे लोक. आणि मग चित्र खाली उतरायला लागतं. मुकाशचा चेहरा मोठा, अजून मोठा, चाबूक वर, आभाळ, दगड, काळोख.

कुणीतरी फिसकन हसलं. झापार गळ्यात हात बांधून मागच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या संघातला एकजण उठला, त्याच्याजवळ गेला आणि आपली पांढरी टोपी काढून त्याच्यासमोर उभा राहिला.

ओमुर्झाक अक्साकाल काठी टेकत उठले. "धूळ बघून मी निकाल दिला," ते म्हणाले. "आता धुळीच्या आतलं पाहिलं. शिंगरू तेरेक-बुलाकचं. आणि मुकाश, तू झापारच्या घरी माफी मागायला जायचंस."

मुकाश गेला नाही. त्यानं माणसाबरोबर एक मेंढी पाठवली. झापारनं ती नदी ओलांडून परत पाठवली, गळ्यात घंटा बांधून, म्हणजे ती आल्याचं सगळ्या गावाला ऐकू यावं.

त्या हिवाळ्यात आमच्या गावातल्या एकाही लग्नाचं लंगड्या घारीला बोलावणं आलं नाही. दुकानात आनारकुल शिरली की बोलणी थांबायची. मीही दोन-तीन घरची आमंत्रणं गमावली, कारण मी भिंग धरलं होतं हे सगळ्यांना कळलं होतं. नदीपल्याडून मात्र बोलावणी यायची, आणि ती बर्फातून जायची, कोटात बॅटरी घेऊन. आणि गाय अडली की आमचे लोकही यायचेच. ती बूट चढवता चढवता प्रत्येकाला विचारायची, "माझी घार चालत नाही, मग हात कसे चालतात?" मग ती जायची आणि वासरू ओढून काढायची. एकालाही तिनं नाही म्हटलं नाही, पण प्रश्न विचारल्याशिवाय एकाही घरी गेली नाही.

मागच्या पानगळीत परत तेरेक-बुलाकशी सामना ठरला. आमच्या काही शहाण्यांनी अक्साकालांना सांगितलं, या वेळी ती घार नको. अक्साकाल म्हणाले, "घार नसेल तर पंचही नसेल." विषय संपला. झापार खेळला, मुकाशही खेळला. दोघांनी एकमेकांच्या लगामाकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही हरलो.

खेळ संपता संपता वाऱ्यानं घार उचलली, मैदानाबाहेर भिरकावली आणि ती गेली ती नेमकी मुकाशच्या गोठ्याच्या छपरावर. आम्ही पोचलो तोवर आनारकुल शिडीवर चढलेली होती. शिडी खाली मुकाशच्या बायकोनं धरली होती, दोन्ही हातांनी घट्ट, आणि ती हसू दाबत होती.

मुकाश घोडा घेऊन फाटकातून आत आला. "माझ्या छपरावर! कुणाला विचारून चढलीस?"

वरून वाळक्या गवताचा एक पुंजका खाली पडला. मग एक मोडका पाय. मग तिचा आवाज.

"चहा टाकायला सांगा, बाइके. अजून एक हात सापडत नाहीये, वेळ लागेल."